पिशवीवरची जुनी ओळ

हाजी शफीक यांच्या जडीबुटीच्या दुकानाचं चार वाजता नव्यानं उद्घाटन होतं, आणि साडेतीन वाजता त्यांची पुतणी नजला दुकानासमोर पाचव्यांदा मागे सरकून पाटी पाहत होती. कैरोच्या त्या गल्लीत मागे सरकायलाही जागा नाही. दोनदा ती भाजीच्या गाड्यावर आपटली.

पाटी तिनंच केली होती, आणि दोन हजार पिशव्याही. आठशे वर्षांपूर्वीच्या एका अरबी हस्तलिखितातला वैद्य तिनं घेतला होता. त्याचा झगा तीन सपाट रंगांत बसवला, दाढीचा त्रिकोण केला, हातातल्या वाडग्याचं अर्धवर्तुळ. खाली त्याच पानावरची एक झोकदार ओळ मात्र जशीच्या तशी ठेवली. त्या अक्षरांवर नुक्ते, म्हणजे अरबी अक्षरं ओळखायची टिंबं, नव्हते, त्यामुळे ती आतापर्यंत कुणालाच वाचता आली नव्हती. नजलालाही नाही. पण दिसत होती फार सुरेख.

"जावई म्हणत होता, छापखान्यातलं तयार चित्र टाका," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी म्हटलं, आमची पोरगी पाच वर्षं चित्रकलेच्या कॉलेजात काय गोट्या खेळत होती?"

तेवढ्यात उस्ताद वगीह येऊन थांबले. चाळीस वर्षं शाळेत सुलेखन शिकवून निवृत्त झालेले. ओठ हलवत त्यांनी पाटी वाचली, आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

"उस्ताद, रडताय?"

"नाही गं. पोरी, या चित्रातलं खेचर कुठं गेलं?"

मूळ चित्रात वैद्यासमोर खेचर होतं खरं. मांडणी बिघडते म्हणून तिनं ते काढून टाकलं होतं.

"खेचर कशाला?"

"औषध त्याचं आहे. 'खेचराचं पोट साफ होण्यासाठी. हे पाजा आणि त्याच्या मागे उभे राहू नका.'"

पुढच्या दहा मिनिटांत नजलानं हिरवी चिकटपट्टी लावून पस्तीस पिशव्यांवरची ओळ झाकली. मग उरलेल्या पिशव्यांच्या ढिगाकडे पाहिलं आणि निदान पाटीवरची ओळ बुजवायला रंगाचा डबा घेऊन थेट शिडीवर चढली.

"उतर खाली! पाहुणे आले!" काका ओरडले.

"काका, ती ओळ रंगाला मारतेय हो."

"तुला काय कळतंय त्यातलं? उतर!"

पाहुण्यांच्या हाती करकदेचे, जास्वंदीच्या सरबताचे, लालभडक पेले आले. शेजारचा शिंपी बर्सूम मान वर करून म्हणाला, "हाजी, खाली लिहिलंय काय?"

"आमचे उस्ताद आहेत ना! उस्ताद, जरा खणखणीत वाचा."

नजलानं लोकांच्या मागून दोन्ही हात जोडले. उस्तादांनी जन्मभर एकेका नुक्त्यासाठी मुलांचे कान पिळले होते; खोटं वाचणं त्यांच्याच्यानं होईना. त्यांनी घसा साफ केला. एकदा. पुन्हा एकदा.

"यात असं म्हटलंय," ते म्हणाले, "की ज्याला हे पाजलं, त्याच्या मागे कुणी उभं राहू शकत नाही."

"या सलाम! वाहवा!" काकांची छाती फुगली. "म्हणजे ताकदीचं औषध!"

"मला द्या," बर्सूम म्हणाला.

"मलाही!" मागून चार हात वर झाले.

दुकानात असं तयार काही नव्हतंच. पण काका गिऱ्हाइकाला परत पाठवणारे नव्हेत. "उस्ताद, कशाकशाचं ते लिहिलंय का?"

नजलाच्या फोनमध्ये अख्ख्या पानाचा फोटो होता, आणि तो काकांनीच हिसकावून उस्तादांच्या नाकासमोर धरला. उस्ताद कपाळावरचा घाम पुसत सांगत गेले आणि काका पुड्या बांधत गेले. बडीशेप, सुंठ, सोनामुखी.

"माप खेचराचं सांगितलंत?" नजलानं त्यांच्या कानाशी लागून विचारलं.

"वेडी आहेस? चिमूटभर सांगितलंय. बाकी अल्ला बघेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी नजला शिडी घेऊनच आली. उस्ताद पायरीवर चहा पीत बसले होते. दुकानासमोर बर्सूम उभा होता, आणि त्यानं काकांचे दोन्ही खांदे घट्ट धरले होते. आता मारामारी होणार म्हणून नजला मध्ये घुसली.

"सतरा वर्षं, हाजी!" बर्सूमचे डोळे पाणावले होते. "मशीनवर बसून बसून सतरा वर्षं पोट दगड झालं होतं. आज पहाटे..." त्यानं काकांच्या कपाळाचा मुका घेतला. "अंगात काडीचं बळ नव्हतं, आता उडेन असं वाटतंय!"

काकांनी पाटीकडे पाहिलं. मग नजलाकडे. चेहरा गंभीर.

"नजला, ती ओळ."

"हो काका, आत्ताच खोडते."

"खोडतेस? अगं, अक्षरं इतकी बारीक का ठेवलीस? दुप्पट कर! आणि उस्ताद, त्या पुस्तकात गुडघेदुखीवर काही आहे का?"

उस्तादांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"आहे," ते म्हणाले. "पण कुणाचे गुडघे, ते विचारू नका."