लाल दिव्यावरची चिकटपट्टी

मी एकदा मनावर घेतलं की कुठलीही गोष्ट पद्धतशीर करतो. ही बढाई नाही, वस्तुस्थिती आहे! म्हणून हौशी रेडिओचा परवाना हातात पडल्यावर हवेत पहिला शब्द कधी बोलायचा, हेही मी पद्धतशीर ठरवलं. रविवार, संध्याकाळी सहा. त्या वेळी आमच्या क्लबची मंडळी एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमतात. मास्तर हाक मारतात आणि जो तो आपापल्या घरातून हजेरी देतो.

मास्तर म्हणजे निवृत्त गणित शिक्षक, वय बाहत्तर. मला परीक्षेला बसवलं त्यांनी, आणि नापास झाल्यावर पुन्हा बसवलंही त्यांनीच. आता ते लेकीकडे कायमचे राहायला निघाले होते. सोमवारी सकाळची गाडी. म्हणजे हा रविवार त्यांचा शेवटचा.

"जायच्या आधी एकदा तुमचा आवाज हवेत ऐकायचाय हो," ते मला म्हणाले होते. "एवढंच."

एवढंच! परवाना येऊन पाच आठवडे झाले होते आणि माझ्या तोंडून हवेत साधा हुंकारही गेला नव्हता. ऑफिसात मी चाळीस माणसांना दमात घेतो. पण माइकचं बटण दाबलं आणि सेटवरचा लाल दिवा पेटला, की माझी दातखीळ बसायची. लाल दिवा म्हणजे तुम्ही बोलताय, जग ऐकतंय. बटण सोडलं की दिवा विझतो, जग बोलतं, तुम्ही ऐकता. दोन्ही एकदम होत नाही. या सूत्रानं मला परीक्षेत दोन गुण मिळवून दिले होते, आणि त्याच सूत्रानं पुढे माझी लक्तरं वेशीवर टांगली.

तयारी मात्र चोख होती. लाल दिव्याची भीती वाटते ना? त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली! ऐन वेळी व्यत्यय नको म्हणून घरातले दोन्ही फोन बंद केले. दारावरच्या घंटीची वायर काढली. माझा कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेलं हवेतलं नाव, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर चिकटवला. बायकोनं शिवणाच्या टेबलाची अर्धी बाजू मला दिली होती. उरलेल्या अर्ध्यावर ती पडद्यांना टिपा घालत बसली होती.

सहा वाजले. सेटमधून मास्तरांचा आवाज आला, "नवीन कुणी असेल तर आधी त्यांनी यावं."

नवीन म्हणजे मीच! मी बटण दाबलं. तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा घशातून जो आवाज निघाला, तो दार करकरल्यासारखा होता. मी वैतागून माइक टेबलावर टाकला आणि वर मास्तरांनीच दिलेलं परीक्षेचं जाडजूड पुस्तक दाणकन आपटलं.

त्याबरोबर सेट एकदम गप्प झाला.

"काय झालं हो?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. मी बोलत नाही म्हटल्यावर पुढे जातील ते."

कुणी पुढे गेलं नाही. मी हातावर हनुवटी टेकून बसून राहिलो. मशीन खडखडत होतं, आणि सेट मात्र चकार शब्द काढत नव्हता. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तीस! मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अगं, एकही आला नाही! मास्तरांचा शेवटचा रविवार, आणि एकही मेला आला नाही!"

"असं कसं होईल?"

"तू ओळखत नाहीस यांना! तो दातांचा डॉक्टर. एरवी हवामानावर पाऊण तास बोलतो. त्याला वाटतं, समोरच्यानं आ वासलेलाच आहे, उत्तर कुठून देणार! आणि तो घड्याळवाला. जगाची घड्याळं दुरुस्त करतो, आणि स्वतः एकदा वेळेवर येईल तर शपथ! कृतघ्न आहेत सगळे!"

"अहो, हा डबा केवढा तापलाय!" बायकोनं सेटला हात लावून झटकन मागे घेतला.

"तापणारच! माणसांना लाज उरली नाही, निदान यंत्राला तरी आहे!" मी टेबलफॅन आणून सेटवर सोडला. वाऱ्यानं माझा कॉलसाइन उडून मशीनखाली गेला.

कागद काढायला मी खाली वाकलो आणि तिथेच फरशीवर फतकल मारून बसलो. राग ओसरला होता. खाली जे उरलं होतं, ते बाहेर आलं.

"त्यांना काय बोलायचं गं? नापास झालो तेव्हा घरात कुणाला न सांगता मी त्यांच्याकडे गेलो होतो. हसले नाहीत. म्हणाले, छान, आता कुठे काय येत नाही ते कळलं. गच्चीवर अँटेनाची तार बांधायला या वयात शिडी चढले. माझ्या वडिलांनी सायकल शिकवताना इतका धीर धरला नव्हता. पन्नाशीनंतर कुणी मला काही शिकवेल, असं वाटलंच नव्हतं. आणि मी त्यांचे साधे आभारसुद्धा मानले नाहीत."

"मग माना ना."

"तोंडावर? मी? जमायचं नाही मला."

तेवढ्यात जिन्यातून कुणीतरी म्हणालं, "जमायचं नाही मला."

माझ्याच आवाजात!

"कोण आहे?" मी ओरडलो.

"कोण आहे?" जिना ओरडला.

"कोण चेष्टा करतंय?"

"कोण चेष्टा करतंय?" या वेळी आवाज थेट दाराशी होता. बायकोनं धीर करून दार उघडलं. बाहेर दातांचे डॉक्टर हातात भल्यामोठ्या काट्यासारखा अँटेना धरून उभे होते. मागे घड्याळवाले, त्यांच्या हातात छोटा सेट. तो सेट खोलीत आला मात्र, त्यानं अशी किंकाळी फोडली की आम्ही सगळ्यांनी कान झाकले. सर्वांत मागे कठडा धरून, धापा टाकत मास्तर.

ते सरळ टेबलाशी गेले. माइकवरचं पुस्तक उचललं. किंकाळी थांबली.

"एकेचाळीस मिनिटं," ते म्हणाले. "बटण दाबलेलं होतं. आम्हाला एकमेकांचं काहीच ऐकू येईना. फोन केले, तुमचे बंद! मग आवाज कुठून येतोय ते दाखवणारा हा अँटेना घेऊन माग काढत निघालो. आधी नुसतं शिवणाचं मशीन ऐकू येत होतं."

"नंतर आवाज ओळखला," घड्याळवाले म्हणाले, "पण मास्तर म्हणाले, अँटेना काढलाच आहे, तर सरावही होईल. आज वेळेवर आलो ना मी?"

"तुमची दाढ उद्याच काढायची आहे, नाही का?" डॉक्टरांनी फार गोड आवाजात विचारलं.

धरणीमाते, पोटात घे! मी मास्तरांकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही सगळं..."

"शब्द न् शब्द," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, बराच वेळ पुसला. "फक्त एक चूक. कॉलसाइन एकदाही सांगितला नाहीत. नियमाप्रमाणे हे धरता येणार नाही."

त्यांनी नखानं लाल दिव्यावरची चिकटपट्टी सोलून काढली, माइक माझ्या हातात दिला, घड्याळवाल्यांचा सेट घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं.

मी बटण दाबलं. लाल दिवा पेटला. ऐकणारी चारही माणसं घरातच होती, आणि माझी उरलीसुरली अब्रू तर केव्हाच गेली होती. आता घाबरायला शिल्लक काय होतं? मी कॉलसाइन सांगितला. आवाज कापला, पण निघाला. मग म्हणालो, "मास्तर, मी तुमचा फार आभारी आहे."

बटण सोडलं. दिवा विझला. स्वयंपाकघरातून आणि सेटमधून एकदमच उत्तर आलं, "ऐकलं. स्पष्ट."

हौशी रेडिओवाले पहिल्या संपर्काची पावती म्हणून एकमेकांना पोस्टकार्ड पाठवतात. मास्तरांचं पंधरा दिवसांनी लेकीच्या गावाहून आलं. वळणदार अक्षरात तारीख, वेळ, दोघांचे कॉलसाइन. 'अंतर: बारा फूट.' आणि खाली शेरा: 'आधीची एकेचाळीस मिनिटंही मी माझ्या वहीत नोंदवली आहेत. नियमात बसत नाहीत, पण राहू देत.'

ते कार्ड मी सेटवरच चिकटवलंय. दिवा झाकला जाणार नाही, हे बायकोनं तीनदा तपासलं. दाढेसाठी मात्र मी दुसरा डॉक्टर शोधतोय.