भागाबाई साळिंदर आणि दोन डिस्कांचा कॉम्प्युटर

एका जंगलात, मुलांनो, वाघ होते, चितळं होती, आणि एक कॉम्प्युटर होता.

कॉम्प्युटर पाणवठ्याच्या कचेरीत होता. पाणी पिण्याच्या पाळ्या तो ठरवायचा. पाणी किती उरलंय, कोणाची तक्रार आहे, हे बघून रोज नवं वेळापत्रक निघे. मग भोंग्यावरून पुकारा होई, "आता चितळ. आता रानडुक्कर. आता बिबटे." त्यामुळे चितळ आणि बिबट्या पाण्यावर समोरासमोर येत नसत. जंगलात शांतता होती.

हा कॉम्प्युटर भागाबाई साळिंदर चालवायच्या. स्वभावाने शांत. पण मनाविरुद्ध काही घडलं की त्यांच्या पाठीवरचे काटे आपोआप उभे राहत. त्यामुळे त्यांना राग लपवता येत नसे, आणि म्हणूनच बढतीही मिळत नसे.

कॉम्प्युटरवर 'वटवृक्ष' नावाची जुनी सिस्टिम होती. वेळापत्रक फक्त तिच्यावरच चालायचं. पण पावसाचा नवा नकाशा आला, तो फक्त 'रानवारा' नावाच्या नव्या सिस्टिमवर चाले. कचेरीचे मुख्य दिगंबरराव हत्ती म्हणाले, "दोन्ही बसवा. एकाच कॉम्प्युटरवर. दुसरी डिस्क मागवलीच आहे."

"बसवते की, साहेब," भागाबाई म्हणाल्या. "नवी डिस्क लावू. फक्त नवी सिस्टिम बसवताना जुन्या डिस्कची केबल तेवढी काढून ठेवू."

"का?"

"नाहीतर नवी सिस्टिम स्वतः नव्या डिस्कवर बसते, पण कॉम्प्युटर सुरू करायची तिची फाइल जुन्या डिस्कवर टाकते. मग दोघी एकमेकींत अडकतात. उद्या एक डिस्क काढली तर दुसरीही उठत नाही."

दिगंबररावांनी सोंड हलवली. केबल काढायची म्हणजे टेबल सरकवावं लागणार. टेबल सरकवायचं म्हणजे वरून परवानगी आणावी लागणार. त्यापेक्षा तज्ज्ञ आणणं सोपं होतं.

तज्ज्ञ दोन डोंगरांपलीकडच्या जंगलातून आले. श्रीयुत मर्कंडे. जातीने वानर, गळ्यात ओळखपत्र. भागाबाईंचं म्हणणं त्यांनी हसत हसत ऐकलं.

"केबल?" ते म्हणाले. "ताई, आमच्याकडे आता कोणी केबल काढत नाही."

सगळी कचेरी हसली. भागाबाईंच्या पाठीवर चार-पाच काटे उभे राहिले. दिगंबररावांनी ते पाहिले आणि गोपनीय अहवालात नोंदवले.

मर्कंड्यांनी शेपटीने एक बटण दाबलं, हाताने दुसरं दाबलं, मध्ये एक केळं खाल्लं. तासाभरात कॉम्प्युटर सुरू झाला. पडद्यावर यादी आली: रानवारा की वटवृक्ष? हवी ती निवडा. टाळ्या झाल्या. भागाबाईंनीही टाळ्या वाजवल्या, कारण त्या खिलाडू होत्या. पण मनात त्यांना काळजी लागून राहिली.

तीन दिवस सगळं सुरळीत चाललं. चौथ्या दिवशी संध्याकाळी मर्कंडे परत निघाले.

"ही नवी डिस्क आमच्या परिषदेत दाखवायला नेतो," ते म्हणाले. "दोन दिवसांत परत पाठवतो. तोवर तुमचं जुनं काम जुन्या डिस्कवर चालेलच. दोन्ही अगदी स्वतंत्र आहेत."

"चालणार नाही," भागाबाई म्हणाल्या.

"भागाबाई," दिगंबरराव हळू आवाजात म्हणाले, "पाहुण्यांसमोर काटे नकोत."

मर्कंड्यांनी डिस्क उपसली, बगलेत मारली आणि गेले.

सकाळी भागाबाईंनी कॉम्प्युटर सुरू केला. काळा पडदा. वर एकच ओळ, 'आवश्यक फाइल सापडत नाही', आणि तिच्याखाली लुकलुकणारी एक रेघ. भोंगा मुका झाला.

पुकारा नाही म्हणजे कोणाची पाळी? कोणालाच कळेना. म्हणून सगळेच आले. एका काठावर चितळांचा कळप, पिलांसकट. समोरच्या काठावर तीन बिबटे. त्यातला थोरला बिबट्या मोठा कायदेप्रेमी होता. तो अदबीने म्हणाला, "आत्ता माझी पाळी नाही, असं कुठे लिहिलेलं आहे का? असल्यास दाखवा. नसल्यास मी तिकडे येतो."

चितळांची म्होरकी पिलांना मागे सारत म्हणाली, "एवढी पाच मिनिटं थांबा, दादा. कचेरीतून निरोप येईलच."

"पाच मिनिटं थांबतो," बिबट्या म्हणाला आणि जिभेने मिशा साफ करू लागला.

इकडे दिगंबरराव घामाघूम झाले. "तातडीची बैठक बोलवा!" ते ओरडले. "मर्कंड्यांना पत्र लिहा! दोन प्रतींत!"

भागाबाईंचे आता सगळेच काटे उभे होते. त्यांच्या जवळ जायची कोणाची हिंमत नव्हती, आणि हे एक बरंच झालं. त्यांना विचार करायला जागा मिळाली. नव्या सिस्टिमने आपली फाइल जुन्या डिस्कवर टाकली होती. पण जुनीची फाइल पुसली थोडीच होती? ती तिथेच असणार. तिला कोणी हाकच मारत नव्हतं.

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. पुन्हा सुरू केला आणि पडदा उजळायच्या आत कोपऱ्यातली एक कळ दाबून धरली. एक साधी निळी यादी आली. त्यात तिसऱ्या ओळीवर लिहिलेलं होतं, 'वटवृक्ष'. त्यांनी ती ओळ निवडली.

काही क्षण काहीच झालं नाही. मग सिस्टिम उठली, वेळापत्रक उघडलं, आणि भोंगा खाकरला.

"आता चितळांची पाळी," भागाबाईंचा आवाज पाण्यावर घुमला. "बिबट्यांनी साडेअकराला यावं. लेखी आहे."

"लेखी असेल तर प्रश्नच मिटला," थोरला बिबट्या म्हणाला आणि झाडावर जाऊन झोपला. चितळं पोटभर पाणी प्यायली. भागाबाईंनी खुर्चीत बसून एकेक काटा खाली केला. त्याला बराच वेळ लागला.

आता भागाबाईंचा सत्कार झाला असेल, असं तुम्हाला वाटेल. मुलांनो, तुम्ही अजून लहान आहात.

चौकशी झाली. समितीने निष्कर्ष काढला: 'बिघाड होणार हे कचेरीत फक्त श्रीमती साळिंदर यांनाच आधीपासून माहीत होतं. ही गोष्ट अत्यंत संशयास्पद आहे.' भागाबाईंची बदली झाली. शिक्षा म्हणून दोन डोंगरांपलीकडे, मर्कंड्यांच्याच जंगलात.

भागाबाईंनी ट्रंक बांधली आणि जड पावलांनी डोंगर चढू लागल्या.

पलीकडे सीमेवर बँड उभा होता. तिथल्या कचेरीचा मुख्य, एक भलामोठा गवा, पुढे आला आणि त्याने हार घातला. हार काट्यांना अडकून फाटला. तरी टाळ्या झाल्या.

"या, या! बाहेरून तज्ज्ञ येताहेत कळलं, तेव्हा जिवात जीव आला," गवा म्हणाला. "आमच्याकडे कॉम्प्युटरचं फार वाईट चाललंय. काय करावं, तुम्हीच सांगा."

गवा त्यांना कचेरीत घेऊन गेला. भागाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. मागच्या रांगेत पिकल्या मिशांचं एक उदमांजर बसलं होतं. कॉम्प्युटरजवळची खुर्ची त्याचीच दिसत होती. भागाबाई त्याच्यापाशी गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "काका, काय करायला हवं?"

उदमांजर दचकलं. असं त्याला नोकरीत आजवर कोणी विचारलं नव्हतं. ते कानात पुटपुटलं, "आधी सगळ्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढायला हवी. सात वर्षं सांगतोय."

भागाबाई वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आधी सगळ्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा!"

"वा!" गवा गहिवरला. "हे आम्हाला सुचलंच नसतं!"

दुपारपर्यंत काम उरकलं. मग भागाबाई आणि उदमांजरकाका झाडाखाली बसून चहा प्यायले, आणि काकांना इतकं हसू आलं की त्यांच्या मिशा चहात बुडाल्या.

तात्पर्य: कचेरीत शहाण्याचं कोणी ऐकत नाही, हा गैरसमज आहे. अगदी मन लावून ऐकतात; फक्त तो शहाणा दुसऱ्या कचेरीतला असावा लागतो. म्हणून मुलांनो, खूप शिका, मोठे व्हा, आणि सगळं शिकून झालं की ताबडतोब बदलीचा अर्ज करा.