सत्तावन्न किलोंचं प्रेम

जुनरेल आणि मारिफे यांचं प्रेम ताटांच्या फोटोंवर चाललं होतं. तो सिकिहोर बेटावरच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायचा आणि संध्याकाळी बॉक्सिंग खेळायचा. ती सेबू शहरात मावशीकडे राहून आहारशास्त्र शिकत होती. मधे समुद्र. जेवायला बसला की तो ताटाचा फोटो पाठवायचा, आणि दुसरी एखादी मुलगी जिथे लाल बदामाचं चिन्ह पाठवेल तिथे मारिफे लिहायची, "अर्धा भात परत ठेव." जुनरेल ठेवायचा. त्याच्या घरात प्रेमाचा याहून मोठा पुरावा आजवर कुणी पाहिला नव्हता.

मावशीच्या वस्तीच्या फिएस्तात, म्हणजे घरोघरी पाहुण्यांना जेवू घालायच्या जत्रेत, दर वर्षी बॉक्सिंगचे सामने व्हायचे. यंदा मारिफेच्या कॉलेजचे प्रशिक्षक तिथे मुलं निवडायला येणार होते. निवड झाली की फी माफ आणि राहण्याची सोय. म्हणजे मधला समुद्रच गेला. जुनरेलचा गट सत्तावन्न किलोंचा होता आणि सकाळी बोटीत चढताना तो त्याच्या जरासा खालीच होता. दुपारी सामन्याआधी वजन व्हायचं होतं, तोवर तोंड बंद ठेवायचं, एवढंच काम.

अडचण होती ती मावशीची, टिया कोन्सिंगची. बॉक्सर माणसाला चाळिशीत स्वतःचं नाव आठवत नाही, असं तिचं ठाम मत होतं. म्हणून मारिफेने तिला फक्त बर्फाच्या कारखान्याचं सांगितलं होतं.

"ये दोंग, बस रे पोरा," जुनरेल दारात येताच टिया म्हणाली. "तू लाजाळू आहेस म्हणे. लाजाळू लोकांना मी आधी वाढते."

"बोटीवर खाऊन आलोय, टिया."

"बोटीवरचं? त्याला काय खाणं म्हणायचं?"

समोर भाजलेल्या डुकराचं कुरकुरीत कातडं आलं, गोडसर रश्शात शिजवलेलं मांस आलं, माडाच्या पानांत बांधलेला भात आला. जुनरेलने दुसरी सबब काढली. "पोट जरा बिघडलंय, टिया."

"मग आधी नाही का सांगायचं?" टिया आत गेली आणि आलं घातलेल्या पेजेचा मोठा वाडगा घेऊन आली. "आधी ही घे. पोट ताळ्यावर आलं की डुक्कर खा."

टेबलाखाली मारिफेने त्याचा पाय दाबला. ती 'थांब' म्हणत होती. पण जुनरेलला कित्येक महिन्यांत तिचा साधा स्पर्श झाला नव्हता. तो सुखावून हसला.

"आवडलं ना?" टिया म्हणाली आणि तिने पुन्हा वाढलं.

एवढ्यात शेजारची पुरिंग दारात उभी राहिली. "काय गं कोन्सिंग, पाहुणा एकट्या तुझ्याच घरी जेवणार का?"

"जा रे बाबा तिच्याकडे," टिया हळूच म्हणाली. "नाहीतर नाताळापर्यंत माझ्याशी बोलायची नाही." आणि पुरिंगकडे जेवल्यावर तिच्या जावेला डावलणं शक्य नव्हतं, कारण दोघींचं स्वयंपाकघर एकमेकींना दिसत होतं.

मारिफेने त्याला कसाबसा घरामागे ओढला. "उड्या मार. घाम काढ."

जुनरेल भरल्या पोटाने उड्या मारू लागला. ते पुरिंगने खिडकीतून पाहिलं आणि पाहुण्याला थंडी वाजतेय अशी ओरड केली. तिने आणि तिच्या जावेने त्याला दोन चादरींत गुंडाळलं. आता चांगला घाम येईल, म्हणून मारिफेने मनातल्या मनात देवाचे आभार मानले. तोवर टिया कोंबडीचं सूप घेऊन आली होती.

जुनरेल वजनकाट्यावर चढला तेव्हा त्याचा कोच बालदो आधी काट्याकडे आणि मग त्याच्या पोटाकडे बघत राहिला. "हे काय?"

"फिएस्ता," जुनरेल म्हणाला.

बालदो स्वतः सकाळपासून चार घरं हिंडून आला होता. त्याने फार चौकशी केली नाही. पंचांच्या हातापाया पडून त्याने पोराला साठ किलोंच्या गटात घुसवलं.

प्रतिस्पर्धी टोलेजंग होता. पहिल्या फेरीत जुनरेलला पोटातलं एकेक घर आठवलं. दुसरीत तो नुसता टिकला. तिसरीत मात्र तो असा चालून गेला की तो उंच गडी दोरांना टेकला. तरी एका पंचाच्या मताने जुनरेल हरला. खाली उतरला तेव्हा त्याला मारिफेकडे बघवेना.

कॉलेजचे प्रशिक्षक जवळ आले. "सत्तावन्नात माझ्याकडे तिघं आहेत. साठात कुणीच नाही. वजन टिकवशील?"

जुनरेलने मारिफेकडे पाहिलं. मारिफे बघत होती त्याच्या मागे. तिथे टिया कोन्सिंग उभी होती. पुरिंगने तिला 'तुझा बर्फवाला बघ, उघडा उभा आहे' असं सांगून ओढत आणलं होतं.

"टिया, तुला मी सांगणारच होते..." मारिफे पुटपुटली.

"तुझं घरी बघते. माझ्या हातचं जेवून गेलेला पोरगा हरला, तोही सगळ्या वस्तीसमोर. पुरिंग म्हणते, आधी तिच्याकडे जेवला असता तर जिंकला असता." ती प्रशिक्षकांकडे वळली. "हा जेवणार कुठे?"

"आमच्या वसतिगृहात."

"तिथे काय देतात?"

त्यांनी सांगितलं. डॉक्टरकडून वाईट बातमी ऐकावी तसं टियाने ते सगळं ऐकून घेतलं.

"हा माझ्याकडे जेवेल," ती म्हणाली. मग तिने जुनरेलला आपादमस्तक न्याहाळलं. "आणि साठाच्या वरचा गट कितीचा असतो?"