निळ्या टिपाडाचा तपास

साहेबरावांच्या टिपाडातलं पाणी रोज कमी होत होतं, आणि कुलूप जागच्या जागी होतं.

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. रेणापुरात मात्र टँकरच होता, तोही आठ दिवसांनी. गल्लीत प्रत्येक दारापुढे प्लास्टिकचं निळं टिपाड, टिपाडाला साखळी, साखळीला कुलूप. घराला कुलूप लावायचं लोक विसरत, टिपाडाला नाही. टँकर शेवटच्या टिपाडापर्यंत पोचेतो त्याच्या पाइपातून नुसता आवाज यायचा. म्हणून गल्लीनं ठराव केला होता: दुसऱ्याच्या टिपाडाला हात लावायचा नाही आणि कूलरमध्ये पाण्याचा थेंब घालायचा नाही. जो मोडेल, त्याचं टिपाड दोन खेपा शेवटच्या नंबरावर. ठराव साहेबरावांच्याच वळणदार अक्षरात होता. त्यांचा नंबर पहिला होता.

साहेबराव लातूरच्या तहसीलला आवक-जावकच्या टेबलावर होते. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा चिकटले, ते चौतीस वर्षं त्याच खुर्चीत. आयुष्यात कसलंच गूढ नव्हतं. मग नांदेडच्या भाच्यानं त्यांना एक पेन ड्राइव्ह दिला. त्यात इंग्लंडातल्या पोलिसांची मालिका होती. आठ सीझन, एकेक भाग दीड तासाचा.

मालिकेतला पोलीस पहिल्या सीझनमध्ये लाजाळू शिपाई होता, मुडदा बघून ओकायचा. तिसऱ्यात तो हवालदार झाला. पाचव्यात त्याची बायको सोडून गेली आणि त्यानं मिशी वाढवली. साहेबरावही त्याच्या मागोमाग सरकत होते. पहिल्या सीझनमध्ये ते ऑफिसात कुणाशी बोलेनात. तिसऱ्यात शिपायाला चहा उशिरा आणल्याबद्दल "काल चार ते सव्वाचार कुठं होता?" असं विचारू लागले. पाचव्यात त्यांनी मिशी ठेवली.

"बायको सोडून जाती, तेवढं सोडून बाकी समदं करा," चांगुणाबाई म्हणाल्या.

चांगुणाबाई संध्याकाळी शेजारी बसत खऱ्या, पण पहिला मुडदा पडला की त्यांचा डोळा लागायचा. तपास हे सगळ्यांचं काम नाही, असं म्हणून साहेबराव आवाज कमी करत. खिडकीतून शेजारच्या पारूबाई बघायच्या. त्यांना खुनाशी देणंघेणं नव्हतं. त्या पाऊस बघायला यायच्या. "कोन्तं गाव हाय बाबा? रोज पडून राहिला की ओ तिथं!"

असे सहाव्या सीझनपर्यंत पोचलेले साहेबराव पाणीचोरीच्या तपासाला लागले. टिपाडात काठी घालून त्यांनी मोजमाप केलं. दीड बादली रोज जात होती, दुपारी, ते ऑफिसात असताना. किल्ल्या दोनच. एक त्यांच्या करदोड्याला, दुसरी चांगुणाबाईंच्या बटव्यात. म्हणजे आतलं कुणी नाही. मग ठसे घ्यायला त्यांनी झाकणावर पावडर टाकली. गप्पा मारताना सगळी गल्ली त्याच टिपाडावर रेलायची, त्यामुळे संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला चमेलीचा वास येऊ लागला.

उरला तर्क. समोरचा दस्तगीर कूलर दुरुस्त करायचा. ठरावामुळे त्याचा धंदा बसला होता. त्याच्याकडे बोटाएवढ्या पाइपाचे पंप होते, आणि टिपाडाच्या झाकणाला बोटभर फट होती.

टँकरच्या दिवशी साहेबरावांनी अर्धी रजा टाकली आणि पारूबाईंच्या रिकाम्या गोठ्यात कुणाला न सांगता पाळतीवर बसले. जागे झाले तेव्हा चार वाजले होते. पाणी दीड बादलीनं कमी होतं. पाच वाजता त्यांनी सगळ्यांना टिपाडांपाशी गोळा केलं, मालिकेत शेवटी करतात तसं.

"गुन्हेगार," ते मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "आपल्यातच उभा हाय. दस्तगीर, पंप कुठं हाय तुझा?"

दस्तगीर शांत माणूस. "भाऊ, पंप हाय. पन नेलेलं पानी बी कुठं तरी दिसलं पायजे का न्हाई? चला माझ्या घरात."

दस्तगीरच्या घरात माठसुद्धा तळाला गेला होता.

"आता तुमच्या घरात," दस्तगीर म्हणाला.

"चल की. तपासात कुणाला सूट न्हाई," साहेबराव म्हणाले आणि पुढे झाले.

दस्तगीर बैठकीत शिरला आणि कूलरपाशी थांबला. वास घेतला. मग त्यानं डॉक्टरासारखा हात वाळ्याच्या ताटीवर ठेवला.

"वल्ली हाय."

गल्ली उंबऱ्यात दाटली.

"आजच दुपारी चालला ह्यो. खाली दोन बोटं पानी हाय. दीड तास चालला, खुदा कसम, मिनिटभर जास्त न्हाई."

"मी तर… मी घरी नव्हतो!"

"मग कुठं व्हते? ऑफिसात तर रजा हाय म्हनं."

"पाळतीवर."

"कुनी बघितलं?"

"पाळत कुणाला दिसत नसते!" साहेबराव ओरडले. यावर माणसं इतकी हसली की टँकरचा हॉर्न ऐकू आला नाही.

"अन् चांगुणा?" कुणीतरी विचारलं.

"ती बिचारी पहिल्याच मुडद्याला झोपती," पारूबाई म्हणाल्या. "ह्याचंच काम हाय. मिशी आल्यापसून बिघडला ह्यो."

चांगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. साहेबरावांचं टिपाड त्यांच्याच अक्षरातल्या ठरावानुसार शेवटच्या नंबरावर गेलं.

तिथं ते टिपाडाला टेकून उकिडवे बसले. चांगुणाबाई चहा घेऊन आल्या.

"मला अडकवलंय," साहेबराव म्हणाले. "चौथ्या सीझनला त्याला बी असंच अडकवलं व्हतं. खरा गुन्हेगार शोधून काढतो का न्हाई बघ."

"चहा प्या. अन् ती मिशी काढा आता. त्यानं बी काढली शेवटच्या भागात."

साहेबरावांनी घोट घेतला. घोट तोंडातच राहिला. शेवटचा भाग आठव्या सीझनमध्ये होता. ते सहाव्यात होते. दुपार. बटव्यातली किल्ली. दीड तास. आणि संध्याकाळी पहिल्या मुडद्याला लागणारा डोळा, कारण पुढचं सगळं बघून झालेलं.

"तुला इंग्लिश कळतं?"

"खून करनाऱ्याचं तोंड कुठंबी सारखंच असतंय." चांगुणाबाई खाली बघत म्हणाल्या, "तिथं इतका पाऊस पडून राहिला, अन् माझ्या अंगाची लाही. घातली मग दीड बादली. सांगनार व्हते, पन तुमी तपासात लई खूश दिसले."

पुढून दस्तगीर ओरडला, "काय भाऊ, लागला का तपास?"

साहेबराव उठले. चौतीस वर्षांत त्यांनी नोंद न करता एकही कागद सरकवला नव्हता. आज पहिल्यांदाच एक सरकवला.

"लागला!" ते म्हणाले. "कूलर मीच चालवला. दस्तगीर, चुकलो बाबा, तुझं नाव घ्यायला नको व्हतं."

टाळ्या पडल्या. टँकरच्या पाइपातून आता नुसता आवाज येऊ लागला होता. साहेबराव खाली बसले आणि बायकोच्या कानाशी लागून काकुळतीनं म्हणाले,

"पण खून कुणी केला ते सांगू नको."