लाल फुलीचा मानकरी

धाकट्या साडूंना आपल्याच विभागात आपणच नोकरी लावून दिली, हे परिशिष्टरावांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख होतं. त्याहून मोठी अडचण अशी, की हे दुःख सांगायचं कोणाला? बायकोला सांगावं, तर तो तिच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. साहेबांना सांगावं, तर "माणूस हिरा आहे, डोळे मिटून घ्या" असं मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यांना जाऊन सांगणारे परिशिष्टरावच. आपलेच दात आणि आपलेच ओठ!

आता परिशिष्टराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते काम करत त्या नळांच्या कारखान्यात कामगारांचे गट होते. नळ का गळतो, चावी का अडकते, खोक्यात माल का फुटतो, हे आठवड्यातून एकदा एकत्र बसून शोधायचं आणि सुधारायचं, हे गटांचं काम. आणि ते कसं करायचं हे शिकवणारी पुस्तकं तयार करायची, हे प्रशिक्षण विभागाचं. परिशिष्टरावांनी असा एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. त्यात मूळ मजकूर थोडा आणि परिशिष्टं फार. गटांनी तो अगदी मनापासून वापरला. एका गटाने डगमगत्या टेबलाच्या पायाखाली, दुसऱ्याने खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून. लेखकाचं बारसंही त्यांनीच केलं.

धाकट्या साडूंनी एवढ्या वर्षांत कधी अर्धं पान लिहिलं असेल तर शपथ. पण बोलणं असं, की समोरच्याने ऐकतच राहावं. त्या दिवशी भर बैठकीत ते म्हणाले, "साहेब, एवढं वाचतंय कोण? एका पानावर दोन फोटो टाकू. एक चूक, एक बरोबर. चुकीवर लाल फुली, बरोबरवर हिरवी खूण. बास! शब्दच नकोत."

"वा!" साहेब म्हणाले.

ह्या एका 'वा'साठी परिशिष्टरावांनी डोक्यावरचे केस आधी पांढरे केले होते आणि मग घालवले होते. आणि ह्या गृहस्थाला तो शब्द न लिहिण्याबद्दल मिळाला! परिशिष्टरावांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"आपले विभागप्रमुख लवकरच निवृत्त होतायत," साहेब पुढे म्हणाले. "तुम्ही दोघं मिळून ही पुस्तिका करा. गट ज्याचं काम उचलून धरतील, त्याच्या हातात केबिनची किल्ली."

ते केबिन म्हणजे कारखान्याच्या मधोमध काचेची खोली. आत फिरती खुर्ची, बाहेर नावाची पाटी. परिशिष्टराव रोज तिथून जाताना त्या पाटीवर मनातल्या मनात स्वतःचं नाव लिहीत, आडनावासकट.

संध्याकाळी घरी पाऊल टाकतात न टाकतात तोच बायको म्हणाली, "अहो, धाकटीचा फोन आला होता. त्यांची कल्पना साहेबांना फार आवडली म्हणे."

"असेल."

"तुम्ही का नाही सांगितलीत अशी कल्पना?"

"मला नाही सुचली."

"त्यांना बरी सुचते!" बायको म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. पाणी आलं, पण पोटातली आग काही त्या पाण्याने विझण्यातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मात्र परिशिष्टरावांना कल्पना सुचली. आणि अशी सुचली, की ते लिफ्टमध्ये एकटेच हसले. "फोटोत कामगार कशाला?" ते साडूंना म्हणाले. "त्यांचं काम अडतं. आपण दोघंच उभे राहू. मी वयाने मोठा, तेव्हा मी बरोबर करतो. तुम्ही चूक करा."

"चालेल की, दादा! तुम्ही म्हणाल तसं."

भांडला असता तर बरं वाटलं असतं, पण हा माणूस भांडतही नसे. तरी परिशिष्टरावांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. साडूंच्या गोऱ्यागोमट्या तोंडावर भली मोठी लाल फुली! ती पुस्तिका साऱ्या कारखान्यात, मेहुणीच्या घरात आणि हो, सासूबाईंच्या हातात! त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

फोटोच्या दिवशी बाहेरून एक फोटोग्राफर बाई आल्या. परिशिष्टराव सूट-टाय घालून हजर. बरोबर काम कसं करावं, ह्यावर ह्या माणसाने आयुष्य खर्ची घातलं होतं, पण ते सगळं उंटावरून शेळ्या हाकणं. पाना हातात धरायची वेळ कधी आलीच नव्हती. त्यांनी तो उलटा धरला. डोळ्यांवर चढवायचा जाड गॉगल चष्म्यावर बसेना, म्हणून कपाळावर ठेवला. अंगठी दिसावी म्हणून एका हाताचा मोजा काढून टाकला. बाई म्हणाल्या, "नळाकडे बघा." तर हे म्हणतात, "मग माझा चेहरा कसा येणार?" आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले.

इकडे धाकटे साडू चूक करायला आले, ते थेट न्हाव्याकडून. कपडे कडक इस्त्रीचे, हातमोजे कोरे, गॉगल चकचकीत.

"जरा गबाळे दिसा ना हो," बाई म्हणाल्या.

"गबाळाच दिसतोय की," साडू केसांवरून हात फिरवत म्हणाले.

अवजारं अस्ताव्यस्त टाकायची होती. ती त्यांनी लहानमोठ्या क्रमाने ओळीत मांडली. का, तर फोटोत छान दिसतात! खोकं दाणकन आपटायचं होतं, ते त्यांनी तान्ह्या बाळासारखं खाली ठेवलं, कारण बाहीची इस्त्री मोडली असती. परिशिष्टरावांनी हे पाहिलंच नाही. आपली डावी बाजू चांगली की उजवी, हे ते बाईंच्या सहायकाला विचारत होते.

फोटो तयार झाले. साहेबांनी ते पाहिले आणि म्हणाले, "छापायच्या आधी एखाद्या गटापुढे ठेवा. खुणा त्यांनाच करू देत. बघू तरी, चूक-बरोबर नुसतं बघून ओळखू येतंय का."

"अहो, त्यात काय ओळखायचंय, साहेब!" परिशिष्टराव हसत हसत म्हणाले.

कँटीनमध्ये जोडणी खात्याचा गट बसला. गटाच्या प्रमुख एक ठसठशीत मावशी. हातात लाल आणि हिरवा असे दोन खडू. परिशिष्टराव समोर खुर्ची टाकून बसले, साडूंच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवून.

"ह्यात पाना उलटा आहे," मावशींनी पहिला फोटो बघून सांगितलं आणि फोटोतल्या परिशिष्टरावांच्या तोंडावरून लाल खडू ओढला.

"टाय बघा, टाय!" दुसरा म्हणाला. "यंत्र चालू असतं तर साहेब खोक्यात पॅक होऊनच बाहेर पडले असते."

"मोजा एकाच हातात. दुसरा हात काय भाड्याचा आहे?"

"आणि बघतायत कुठं? नळ इकडं, साहेब तिकडं!"

"हे बघा, ह्याला म्हणतात काम," मावशींनी साडूंचा फोटो उचलला. "कसं टापटीप! अवजारं कशी ओळीत!" आणि हिरवी खूण ठोकली.

परिशिष्टराव ताडकन उठले. "अहो मावशी, उलटं करताय तुम्ही! मी बरोबर आहे!"

मावशींनी त्यांच्याकडे अगदी कौतुकाने पाहिलं. "काय झकास चूक केलीत हो साहेब! इतकी चूक आम्हाला ठरवूनसुद्धा जमली नसती."

परिशिष्टराव धावत साहेबांकडे गेले. साहेब शांतपणे म्हणाले, "अहो, पण तुमच्याच ग्रंथात आहे ना? गटाचा निर्णय अंतिम. कुठल्याशा परिशिष्टात." होतं. जाड अक्षरांत होतं, खाली रेघ मारलेली होती. आपला ग्रंथ साहेबांनी वाचलाय हे कळल्यावर एखाद्या लेखकाला आनंद झाला असता. परिशिष्टरावांना घेरी आली.

पुस्तिका छापून आली. नुसती पुस्तिका आली असती तरी चाललं असतं, पण साहेबांना ती इतकी आवडली, की प्रत्येक पानाचं मोठं पोस्टर झालं. यंत्रापाशी परिशिष्टराव, जिन्यात परिशिष्टराव, हात धुवायच्या जागी परिशिष्टराव, आणि सगळीकडे तोंडावर लाल फुली. शेजारी धाकटे साडू, हिरव्या खुणेखाली, नुकतेच न्हाऊन आल्यासारखे. परिशिष्टरावांना स्वतःच्या फुलीचं एवढं काही वाटत नव्हतं. ती हिरवी खूण मात्र त्यांना जेवू देत नव्हती.

घरी बायको गाल फुगवून बसलेली. "आईला धाकटीने पुस्तक दाखवलं. आई विचारते, थोरल्या जावयांच्या तोंडावर फुली का मारलीय?"

"मग? काय सांगितलंस?"

"छापताना चुकलं म्हटलं. तर म्हणे, सगळ्याच पानांवर?"

आता किल्ली गेलीच, असं धरून परिशिष्टराव खाली मान घालून कामावर जाऊ लागले. पण मजा अशी झाली, की बरोबर काम कोणाच्या लक्षात राहीना आणि चूक कोणी विसरेना. कोणी पाना उलटा उचलला, की शेजारचा ओरडे, "ए, परिशिष्ट करू नकोस!" कोणी मोजा काढला, की "आला बघा परिशिष्ट!" गळके नळ भराभर कमी झाले. शेजारच्या कारखान्यातून साहेबांना फोन आला, "ते तुमचे फुलीवाले गृहस्थ आमच्याकडे पाठवता का? प्रत्यक्ष चूक करून दाखवायला?"

परिशिष्टराव गेले ते मरगळलेल्या मनाने. त्यांनी पाना उलटा धरला आणि कॅमेरा नसतानाही समोर बघून हसले. अख्खं सभागृह हसून लोटपोट झालं! टाळ्या थांबेनात. आपल्या कामाला टाळ्या मिळतात, हे त्यांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. टाय पाण्याच्या टाकीत बुडवणं, हातमोजा पायात घालायला बघणं, असं एकेक वाढवत ते चुका करण्यात पुरते तरबेज झाले. लोक त्यांच्याबरोबर फोटो काढू लागले.

एकदा धाकटे साडू बरोबर होते. एकाने विचारलं, "हे कोण?"

"अहो, हे बरोबरवाले," परिशिष्टराव म्हणाले.

"कोण बरोबरवाले?" तो माणूस म्हणाला, आणि मोबाइल साडूंच्या हातात देऊन परिशिष्टरावांच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. तो फोटो साडूंनी काढला. हलला जरा.

महिना सरला आणि साहेबांनी किल्ली परिशिष्टरावांच्या हातात ठेवली. "गटांनी तुमचंच काम उचलून धरलं. अभिनंदन!" बायकोने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. सासूबाईंनी फुलीचा विषय सोडून दिला. परिशिष्टराव फिरत्या खुर्चीत बसले, एकदा डावीकडे फिरले, एकदा उजवीकडे फिरले. सुख सुख म्हणतात ते हेच.

चहा यायच्या आत बाहेर हशा पिकला. परिशिष्टरावांनी काचेतून पाहिलं. त्याच फोटोग्राफर बाई, तोच कॅमेरा, भोवती जोडणी खात्याचा गट. आणि मधोमध धाकटे साडू! केस विस्कटलेले, शर्टाची बटणं वरखाली, हातात पाना.

परिशिष्टराव तीरासारखे बाहेर आले. "हे काय चाललंय?"

"पुस्तिकेचा दुसरा भाग, दादा," साडू हसत म्हणाले. "विभागप्रमुखांना फुलीखाली कसं दाखवणार? म्हणून साहेब म्हणाले, आता चूक तुम्ही करा."

"जमतंय हो ह्यांना!" मावशी टाळी देत म्हणाल्या. "चांगले गबाळे दिसतायत."

झालं! परिशिष्टरावांच्या काळजातून कळ गेली. ज्या हिरव्या खुणेसाठी जळफळलो ती ह्याने घेतली, ते सोसलं; आता ह्याला आपली फुलीही हवी? "पाना असा नाही उलटा धरायचा!" ते ओरडले. "ह्याला काय चूक म्हणतात? ही नुसती चुकून झालेली चूक आहे!" आणि तसेच ते साहेबांच्या खोलीत शिरले.

"साहेब, चूक तेवढी माझ्याकडेच राहू द्या."

"अहो, पण विभागप्रमुख..."

"त्यांना करा विभागप्रमुख! ही घ्या किल्ली."

साहेबांनी उठून परिशिष्टरावांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी आजवर पाहिला नाही." संध्याकाळी घरी जावं, तर बायकोचे डोळे भरलेले. "अहो, आई रडत होती फोनवर. म्हणे, धाकट्यासाठी खुर्ची सोडणारा असा जावई मिळायला भाग्य लागतं." परिशिष्टरावांनी नम्रपणे मान खाली घातली. खरं सांगायची ही वेळ नव्हे, एवढं त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी फोटो पुन्हा सुरू झाले. कॅमेरा रोखलेला, गट खुसखुसतोय, टाय टाकीत बुडालेला, आणि परिशिष्टराव पाना उलटा धरून हसतायत. सहज त्यांची नजर वर गेली. काचेच्या केबिनमध्ये धाकटे साडू उभे होते. कडक इस्त्री, भांग पाडलेला, पुढ्यातला चहा गार झालेला, आणि कपाळ काचेला टेकलेलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं, ते परिशिष्टरावांनी आजवर फक्त दाढी करताना आरशात पाहिलं होतं.

परिशिष्टरावांना असा काही आनंद झाला, की हातातला पाना त्यांच्या नकळत सरळ झाला.

"अहो साहेब, चुकलात!" मावशी ओरडल्या. "नीट उलटा धरा!"