एका बाहीचा स्वेटर

ज्या घराला दोन गाड्यांचं गॅरेज असतं, त्या घराच्या दोन्ही गाड्या बाहेर उभ्या असतात. अमेरिकेतल्या अल्फारेटा गावी रत्नाताईंच्या घरी हा नियम काटेकोरपणे पाळला जाई. गॅरेजमध्ये लोकर होती. मणी, टिकल्या, रंगीत कागदही होते. पण मुख्यतः लोकर. (ती सेलमध्ये घेतल्यामुळे खर्च झाला नव्हता, उलट बचत झाली होती.)

२००५ च्या हिवाळ्यात गाडीच्या काचेवर गोठलेलं दव खरवडता खरवडता त्यांचे यजमान शैलेंद्र कोणाकडेही न बघता म्हणाले, "लोक हल्ली असलं सामान ऑनलाइन लिलावात विकतात म्हणे." रत्नाताईंनी हा ठराव तत्काळ मंजूर केला. विकलेल्या लोकरीच्या जागी नवी लोकर मावते.

पण लोकर कोणी घेईना. चौकशीअंती कळलं, की लोकर घेणाऱ्या समस्त बायकांनी आपापली लोकर त्याच सुमारास विकायला काढली होती. शेवटी त्यांची मुलगी रुही हिने घाईघाईत एक फोटो काढला. त्यात लोकरीच्या ढिगावर रत्नाताईंनी एक बाही करून सोडून दिलेला स्वेटर आला. त्यावर बोली लागली. मग चढली. नेब्रास्कातल्या एका निवृत्त बाईंनी तो जिंकला आणि लिहिलं, "मीसुद्धा नेमकी इथेच थांबले असते. आणखी आहेत का?"

आणखी नव्हते, म्हणजे करणं आलं. रत्नाताई एका बाहीपर्यंत विणून थांबू लागल्या. हे वाटतं तितकं सोपं नाही. त्यांचं बालपण सांगलीत, पानात काही टाकायचं नाही अशा शिस्तीत गेलेलं.

"अहो, भरल्या ताटावरून उठल्यासारखं होतं," त्या शैलेंद्रना म्हणत.

"फीडबॅक बघ ना," शैलेंद्र म्हणत. "शंभर टक्के पॉझिटिव्ह आहे."

एकदा मात्र त्यांचा तोल गेला. एका गिऱ्हाईक बाईंनी सहज लिहिलं होतं, की नातू झालाय. रत्नाताईंना भरून आलं आणि त्या भरात त्यांनी दुसरी बाही विणून टाकली. वर बटणंही लावली. स्वेटर आठवड्याभरात परत आला. शेरा होता : 'माल वर्णनाप्रमाणे नाही. पूर्ण आहे.'

टक्केवारी घसरली. रत्नाताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी बाही उसवली, बटणं कापली आणि क्षमा मागून स्वेटर पुन्हा रवाना केला. नवा शेरा आला : 'उत्कृष्ट. पुन्हा घेईन.'

पुढे रुही मिनेसोटाला कॉलेजला निघाली. तिथली थंडी ऐकून रत्नाताईंनी तिच्यासाठी स्वेटर विणायला घेतला. एक बाही झाली आणि हात थांबले. त्या रोज सुया घेऊन बसायच्या, टाके मोजायच्या, सुया ठेवून द्यायच्या. निघायच्या दिवशी डोळ्यांत पाणी आणून त्यांनी तो तसाच मुलीच्या हातात ठेवला.

"मॉम, इट्स फाइन," रुही म्हणाली. "आय विल फिनिश इट देअर."

मुलगी सर्वस्वी आपलीच आहे, याबद्दल रत्नाताईंची खात्री पटली.

वाचक हसले असतील, तर आमची हरकत नाही. त्यांच्याही माळ्यावर आठवडाभर वाजवलेली पेटी आणि दुसऱ्या धड्यापर्यंत शिकलेलं जर्मन असेलच. या मालाला उत्तम मागणी आहे. फक्त विकण्यापूर्वी तो पूर्ण करायला बसू नये. आपल्या बाबतीत तशी भीती नाही म्हणा.