खेळातल्या धावपट्टीवरचा तंबू

संगणकावर विमान उडवायच्या जुन्या खेळात तालाविराच्या धावपट्टीवर, पश्चिमेच्या टोकापासून बरोबर चारशे बारा मीटरवर, निलगिरीचं एक झाड उभं होतं. झाड अकरा मीटर उंच होतं आणि भर दुपारी त्याची सावली उत्तरेला पडत होती. खऱ्या पट्टीवर झाडच काय, झुडूपही नव्हतं, ही पहिली चूक. ग्लेनिसला दुसरी जास्त लागली. तालाविरा ऑस्ट्रेलियात आहे आणि तिथे दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. सावलीने निमूटपणे दक्षिणेला पडायचं असतं. झाड काय, चुकून कुठेही उगवेल. पण सावलीने असा बेशिस्तपणा करावा?

ग्लेनिसने एकतीस वर्षं गव्हाच्या कोठाराच्या प्रयोगशाळेत दाण्यांतलं प्रथिन मोजलं होतं. चुकीचा आकडा दिसला की तिला दातात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं. खेळ बनवणाऱ्या कंपनीला तिने सहा वर्षांत सेहेचाळीस पत्रं पाठवली होती. सेहेचाळीस वेळा एकच उत्तर आलं होतं : आपली सूचना मोलाची आहे, नव्या आवृत्तीत विचार करू.

त्या नव्या आवृत्तीची तालाविरा विमान क्लब अशी वाट पाहत होता, जशी शेजारचे शेतकरीही पावसाची पाहत नव्हते. क्लबात सात सभासद होते आणि विमान एकही नव्हतं. एक होतं, ते मालकाने विकून कापणीयंत्र घेतलं. बाकीचे पट्टीच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत मंगळवारी आणि शनिवारी संगणकावर उडायचे. अध्यक्ष कॉलिन नॉस्के. चाळीस वर्षं गव्हाचे ट्रक चालवून निवृत्त झालेला माणूस. आवाज अजून ट्रकच्या इंजिनावर मात करण्याच्या बेताचा.

"नवी आवृत्ती येऊ दे नुसती!" तो दर मंगळवारी म्हणायचा. "जगातलं एकेक गाव हुबेहूब! आणि पुढे चंद्र! तालाविराहून उडायचं ते थेट चंद्रावर उतरायचं. मध्ये ॲडलेडलासुद्धा थांबायला नको!"

"आणि इंधन?" ग्लेनिस विचारायची.

"अगं, चंद्रावर जाताना कुणी इंधनाचं विचारतं का?"

"चंद्रावर जातानाच विचारतात, कॉलिन."

तारीख चार वेळा पुढे गेली. चारही वेळा कॉलिनने फेसाळ वाइनची बाटली थंड करून ठेवली आणि चारही वेळा ती दुखवट्याची म्हणून प्यायली गेली.

इकडे खेळातली पट्टी सुधारण्याची वाट बघता बघता खरी पट्टी मरायला टेकली होती. ती बंद करून तिथे विजेसाठी सौर पॅनेल लावावेत, असं गावच्या परिषदेतल्या चार सभासदांचं म्हणणं होतं. दुसऱ्या चौघांचं म्हणणं, लावू नयेत. निर्णायक मत मेयरचं, म्हणजे रेलीन शर्मरचं. रेलीन सात सभा एकच वाक्य बोलत होती : "आधी आकडे येऊ देत."

आकडे आले की काय होणार, हे ग्लेनिसला माहीत होतं. गेल्या अख्ख्या वर्षात पट्टीवर नऊ विमानं उतरली होती. त्यातली सहा हवाई ॲम्ब्युलन्सची. पट्टी बंद झाली तर ॲम्ब्युलन्स चौऱ्याऐंशी किलोमीटरवर उतरणार. चार वर्षांपूर्वी ग्लेनिसच्या नवऱ्याला, मर्व्हला, छाती धरलेल्या अवस्थेत याच पट्टीवरून उचललं होतं. "अजून अर्धा तास उशीर झाला असता तर..." असं म्हणून डॉक्टर थांबले होते. ते वाक्य डॉक्टरांनी पुरं केलं नाही. ग्लेनिस मात्र रोज एकदा पुरं करायची. मर्व्ह आता घरी बसून जेवणात मीठ कमी असल्याची तक्रार करायचा आणि ती तक्रार तिला फार गोड वाटायची.

आकड्यांसाठी परिषदेने क्लबच्या खोलीत एक यंत्र बसवलं होतं. अशा छोट्या पट्ट्यांवर विमानांना वाट दाखवायला कुणी नसतं. येणारा वैमानिक आपणच रेडिओवर सांगतो, की मी अमुक विमान, अमुक दिशेने येतोय, सांभाळा. बोलण्याच्या सुरुवातीला गावाचं नाव आणि शेवटीही गावाचं नाव, ही शिस्त. यंत्राने गावाचं नाव ऐकायचं आणि एक विमान आलं अशी ओळ लिहायची. पण क्लबचा रेडिओ इतका जुना, की यंत्राची तार जोडायला त्याला जागाच नव्हती. परिषदेच्या माणसाने यंत्राचा मायक्रोफोन चिकटपट्टीने रेडिओच्या स्पीकरसमोर चिकटवला, हात झटकले आणि तो निघून गेला.

आणि ऑगस्टात, एका गुरुवारी, नवी आवृत्ती खरोखर आली!

ती संगणकावर उतरायला तीन दिवस लागले. इंटरनेटवर ताण नको म्हणून कॉलिनने सगळ्यांचे फोन काढून घेतले आणि बिस्किटांच्या डब्यात कोंडले. स्वतः डब्यावर बसला. शिवाय या सोहळ्यासाठी त्याने ढोलाएवढे दोन नवे स्पीकर आणले आणि फळीवर जागा होती म्हणून नेमके रेडिओच्या शेजारी ठेवले.

रविवारी दुपारी पडद्यावर तालाविरा उमटलं. सातही जण खुर्च्यांच्या कडेला आले. कोठारं जिथल्या तिथे. पाण्याची टाकी, तिच्यावरचा गंजसुद्धा! ग्लेनिस मात्र चारशे बारा मीटरवर बघत होती. झाड नव्हतं. कुंपणाच्या खांबांच्या सावल्या पडल्या होत्या आणि त्या दक्षिणेला पडल्या होत्या. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"जिंकलीस, ग्लेन!" कॉलिनने टेबलावर मूठ आपटली. मग पडद्याजवळ नाक नेलं. "पण हे पांढरं काय आहे गं, पट्टीच्या कडेला?"

तो तंबू होता. तंबूत टेबल, टेबलावर चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले केक, आणि समोर पाटी : लॅमिंग्टन, पहिलं बक्षीस.

सगळे ग्लेनिसकडे वळले.

"कंपनीला फोटो कधी पाठवले होतेस?" कॉलिनने विचारलं.

"चाळिसाव्या पत्राबरोबर." ग्लेनिसचा आवाज अगदी बारीक झाला होता. "वसंतातल्या शेतकी प्रदर्शनाच्या दिवशी काढले होते. पट्टी नीट दिसावी म्हणून."

"मग दिसली की! आणि ते पहिलं बक्षीस कुणाचं?"

"माझंच."

पहिल्याच आठवड्यात फिनलंडच्या एका माणसाने तिथे विमान उतरवलं, तंबूशी थांबवलं आणि फोटो जगभर वाटला : केक मिळणारी जगातली एकमेव धावपट्टी! झालं. ब्राझीलचे आले, जपानचे आले, आयर्लंडच्या दोन आजीबाई रोज चहाच्या वेळी यायला लागल्या. पंख तंबूच्या जितका जवळ थांबेल तितका मान मोठा. आणि ही मंडळी भलती शिस्तीची. खेळ असला म्हणून काय झालं? उतरण्याआधी रेडिओवर सांगणार म्हणजे सांगणार. कॉलिनच्या ढोलांतून दिवसभर वीस देशांच्या उच्चारांत "तालाविरा... तालाविरा" चाललेलं. कॉलिन चहाचा मग घेऊन एकेकाचं स्वागत करायचा, जणू लग्नघराच्या दारात वधूपिता!

त्याच फळीवर प्रत्येक "तालाविरा"ला यंत्राचा इवलासा हिरवा दिवा लुकलुकत होता. तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

पंधरा दिवसांनी रेलीनचा फोन आला. "ग्लेन, तुमच्या पट्टीवर चाललंय काय? पंधरवड्यात सहाशे बेचाळीस विमानं! मी उद्या दहाला येतेय. ही गर्दी मला डोळ्यांनी बघायची आहे."

ग्लेनिस फोन ठेवून फळीपाशी गेली. चिकटपट्टी बघितली, ढोल बघितले, हिरवा दिवा बघितला आणि कॉलिनला सांगितलं, की यंत्र खेळातली विमानं मोजतंय.

"आपण काही बोललो का?" कॉलिन म्हणाला. "नाही. यंत्र बोललं. परिषदेचं यंत्र! गप्प राहायचं फक्त."

"आकडा खोटा आहे, कॉलिन."

"पण किती सुंदर आहे!"

"मर्व्हसाठी मी खोटं बोलेनसुद्धा," ग्लेनिस म्हणाली. "पण खोट्या आकड्यावर वाचलेली पट्टी पुढच्या मोजणीत पुन्हा मरेल. आणि तेव्हा आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही."

रात्री तिने लॅमिंग्टनचा मोठा घाणा काढला. वाईट बातमी रिकाम्या हाताने देऊ नये, एवढंच तिला सुचत होतं.

रेलीन सकाळी दहाला आली ती पिकअप थेट पट्टीच्या मध्यावर नेऊन. घडीची खुर्ची मांडली, मोठी टोपी घातली आणि आकाशाकडे बघत बसली. चाळीस मिनिटं गेली. एक मॅगपाय पक्षी उतरला, खुर्चीभोवती फिरला आणि उडून गेला.

"गर्दी कुठे आहे?" रेलीन तणतणत खोलीत आली.

"मंगळवारी जरा कमीच असते," कॉलिन म्हणाला.

"रेलीन, बस," ग्लेनिस म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं. खेळ लावून दाखवला. पडद्यावर तंबूशेजारी चौदा विमानं दाटीवाटीने उभी होती. ढोलांतून आयर्लंडची आजी बोलली आणि हिरवा दिवा लुकलुकला. मग ग्लेनिसने संगणकाचा आणि ढोलांचा प्लग ओढून काढला.

"म्हणजे सहाशे बेचाळीस..."

"सहाशे एकेचाळीस खोटी. एक खरं. गेल्या गुरुवारची ॲम्ब्युलन्स."

रेलीनने फाइल मिटली. "हे सांगितलं नसतंस तर माझं काम सोपं झालं असतं, ग्लेन."

"माहीत आहे."

"आता मी सभेत काय सांगू? लोकांना केक आवडतो म्हणून?"

इतक्यात फळीवरून आवाज आला. "तालाविरा, पायपर विमान, दहा मैल पूर्वेला, उतरायला येतेय, मागे अजून दोन आहेत, तालाविरा."

"ए, बंद कर गं ते!" कॉलिन ओरडला.

"बंदच आहे," ग्लेनिस म्हणाली.

तिघांनी ग्लेनिसच्या हातातल्या प्लगकडे बघितलं. मग रेडिओकडे. मग खिडकीतून पट्टीच्या मध्यावर उभ्या असलेल्या पिकअपकडे!

"माझी गाडी!" रेलीन किंचाळली.

शाळेच्या नेटबॉल संघानंतर ती बाई पळाली नव्हती. आता अशी सुटली की टोपी एकीकडे, फाइल दुसरीकडे. कॉलिन मागून, "किल्ली! अगं किल्ली इथे राहिली!" असं गरजत. ती अर्ध्या वाटेवरून परत, किल्ली घेऊन पुन्हा पळत, आणि आकाशात पूर्वेला एक पांढरा ठिपका हळूहळू मोठा होतोय!

ग्लेनिसने रेडिओचा माइक उचलला. खेळात ती हजारो तास बोलली होती. खऱ्या विमानाशी एकदाही नाही. आवाज मात्र प्रयोगशाळेतलाच निघाला.

"तालाविरा, येणाऱ्या पायपरसाठी. पट्टीवर एक गाडी आहे, एक खुर्ची आहे आणि एक मेयर आहे. कृपया वरून एक फेरी मारा. तालाविरा."

पलीकडून हसू दाबलेला आवाज : "तालाविरा, फेरी मारते. तंबू पण आहे का? तालाविरा."

"नाही. तंबू फक्त खेळात आहे."

"अरेरे!"

पिकअप धुरळा उडवत कडेला गेली. खुर्ची मागेच राहिली होती. कॉलिनने ती डोक्यावर घेऊन पळ काढला. आणि मग एकामागून एक तीन विमानं, अगदी खरी, रंगाचे पोपडे उडालेली, तेलाचा वास येणारी, तालाविराच्या पट्टीवर टेकली. त्यांच्या सावल्या दक्षिणेला पडल्या होत्या. ग्लेनिसने तेही बघून घेतलं.

पहिल्या विमानातून मिशेल ट्रान उतरली. ॲडलेडची दातांची डॉक्टर, त्यांच्या क्लबची अध्यक्ष. "पंधरा दिवस आम्ही खेळात इथे उतरतोय," ती म्हणाली. "काल ठरवलं, की एकदा खरंच उतरून बघू या. ही कोठारं, ही टाकी, सगळं तसंच आहे! फक्त केक..."

ग्लेनिस आत गेली आणि डबा घेऊन आली. दंतवैद्यबाईंनी उभ्याउभ्या चार लॅमिंग्टन खाल्ले आणि दातांबद्दल चकार शब्द काढला नाही.

"आमच्या क्लबची अकरा विमानं आहेत," पाचव्याला हात घालत ती म्हणाली. "वसंतातल्या प्रदर्शनाला सगळे येणार, दोन दिवस राहणार. मेलबर्नवाले पण विचारत होते. आणि बॅरोसाचे. पण कुणीतरी म्हणालं, पट्टी बंद होतेय म्हणून? तोवर असेल ना?"

खुर्ची अजून कॉलिनच्या डोक्यावरच होती. ग्लेनिस डब्याचं झाकण घट्ट धरून उभी होती. सगळ्यांनी मेयरकडे बघितलं.

रेलीन पिकअपला टेकून धापा टाकत होती. केस विस्कटलेले, हातात लॅमिंग्टन, हनुवटीला खोबरं. तिने तीन विमानांकडे बघितलं, मग ग्लेनिसकडे.

"असेल," ती म्हणाली. श्वास घ्यायला थांबली. "बंद होणार नाही. माझं मत पट्टीच्या बाजूने आहे."